आर-२२ च्या हँडबुकमधला दहावा भाग

रॉबिन्सनच्या आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरचं पायलट हँडबुक कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. त्यातल्या दहाव्या भागाबद्दल, म्हणजे सुरक्षा-सूचनांबद्दल लिहितेय. मी कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टर शिकतेय. पहिल्या तासाआधीच हा भाग वाचून ये, असं आमच्या इन्स्ट्रक्टर बाईंनी बजावलं होतं. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

सुरुवात सूचना २० पासून करा. शिकणाऱ्याचा ताबा सुटला आणि तो नुसता गप्प बसला, तर इन्स्ट्रक्टर सावरून घेतो. पण तोच घाबरून सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवायची दांडी) भलत्या दिशेला झटक्यात ढकलेल, तर कसलेल्या पायलटच्याही हातात काही उरत नाही. सायक्लिक हलवायचा नाही, नुसता दाब द्यायचा, हे बाई सारखं का सांगतात ते इथे कळतं.

सूचना ११ वाचून मला झोप लागली नव्हती. सायक्लिक पुढे ढकलून नाक खाली टाकलं की दोन पात्यांच्या रोटरवरचा (डोक्यावरच्या पंख्यावरचा) भार जातो आणि हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडू लागतं. हात आपसूक डावीकडे जातो, आणि तिथेच घात होतो: रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग) मास्टवर, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर, आदळून मास्टच तुटू शकतो. आधी सायक्लिक हलकेच मागे घेऊन भार परत आणायचा, कलणं मग सुधारायचं. अशा अपघातांमुळेच १९९५ साली एफएएने (अमेरिकेच्या विमान-वाहतूक नियामक संस्थेने) आर-२२ आणि याच कंपनीच्या आर-४४ साठी वेगळा नियम काढला. आर-२२ एकट्याने उडवण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर २० तास लागतात ते त्यामुळे.

सूचना ९ (स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरखालच्या टेकायच्या दांड्या, अडकून कलंडणं) छोटी आहे, पण आडवं उडायचा सराव स्किड पाच फुटांच्या वर ठेवूनच करा, हे तिच्यातलं वाक्य पाठ हवं.

मला सर्वांत उपयोगी पडली ती ३८. इंजिन खरोखर बंद पडणं दुर्मीळ, पण त्याच्या सरावात दरवर्षी कितीतरी हेलिकॉप्टरं मोडतात. १०० फुटांवर येईपर्यंत रोटरचा आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या), वेग, उतरण्याचा दर आणि वळण यांतलं एकही जागेवर नसेल, तर ऑटोरोटेशन (इंजिनच्या जोराशिवाय, हवेने फिरणाऱ्या रोटरवर उतरणं) तिथेच सोडून पॉवर घ्यायची. जमिनीजवळ विचार करत बसावं लागत नाही.

तक्रार क्रमाची. शिकाऊ माणसाला आधी लागणारी सूचना विसावी आणि ऑटोरोटेशनची पार शेवटाकडे, हे बरोबर नाही. आणि जुनी छापील प्रत वापरत असाल, तर प्रत्येक सूचनेवरची सुधारणेची तारीख वेबसाइटवरच्या प्रतीशी ताडून बघा.