सपाट मायक्रोफायबर मॉप: बरेच महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे जमीन तीन तऱ्हेची आहे. बहुतेक ठिकाणी व्हिट्रिफाइड टाइल, एका खोलीत संगमरवर, एका खोलीत लॅमिनेट. त्यामुळे या मॉपचा कस चांगलाच लागला.

सगळ्यात आवडलं ते पिळणं. सोबतच्या बादलीच्या खाचेतून मॉपचं पॅड वर-खाली केलं की ते नुसतं दमट राहतं आणि हात ओले होत नाहीत. टाइलला थोडं जास्त पाणी चालून जातं. लॅमिनेटचं तसं नाही. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. सांध्यांतून पाणी मुरलं की तो फुगतो, कडा वर येतात आणि मग त्या काही केल्या खाली बसत नाहीत. म्हणून तिथे मी पॅड दोनदा पिळते. पुसल्यावर मिनिट-दोन मिनिटांत जमीन सुकली नाही, तर पाणी जास्त झालं असं समजायचं. वाफेचा मॉप तर लॅमिनेटवर नकोच.

आधी केर मात्र नीट काढायलाच हवा. पॅडखाली वाळूचा कण सापडला की तो पॉलिश पेपरसारखा घासत जातो आणि संगमरवरावर ओरखडे दिसायला लागतात.

बादलीत काय घालायचं हा खरा वादाचा विषय. व्हिनेगर आणि लिंबू सगळीकडे सुचवतात. पण ती दोन्ही आम्लं, आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने त्याची चकाकी जाते, आणि ती परत आणायला पॉलिशच करावं लागतं. मी पीएच ७ च्या आसपासचं, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असं क्लीनर वापरते, तेही बाटलीवर लिहिलंय तेवढंच. जास्त ओतलं की जमिनीवर पट्टे उठतात, पाय चिकटतात आणि धूळही लवकर बसते. ब्लीच आणि आम्लाचं क्लीनर एकत्र तर कधीच करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

आता तक्रारी. 'दोन कप्पे' म्हणून विकलेल्या या बादलीत खाचा दोन आहेत, पाणी एकच! पिळलेली घाण पुन्हा त्याच पाण्यात. दर खोलीला पाणी बदलावं लागतं, ते न केल्यास सगळ्या घरभर एकच गढूळ थर फिरवल्यासारखं होतं. कोपऱ्यांत चौकोनी डोकं नीट पोचत नाही, तिथे अजून फडकंच लागतं. दांडा लांब-आखूड करायचा आटाही हल्ली सैल होतो, जोर दिला की दांडा आत सरकतो.

पॅड मात्र टिकलेत. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पॅड पाणी शोषेनासं होतं. ब्लीच आणि कडक उष्णताही टाळा. जास्तीचे पॅड सुरुवातीलाच घेऊन ठेवलेले बरे.

घरात गुळगुळीत जमीन असेल तर खुशाल घ्या. खडबडीत दगडी फरशी असेल तर नको. धागे अडकतात आणि खळग्यांतली घाण तशीच राहते. तिथे ब्रशच बरा.