बाकूत सात महिने राहिल्यावर: आधी वारा बघा, मग सहल आखा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ताई, भावोजी आणि भाचा अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला आले. माझ्या नवऱ्याच्या कामामुळे आम्ही ऑक्टोबर २०२४ पासून तिथेच राहत होतो, पण "तुम्हाला उगाच त्रास नको" म्हणून भावोजींनी पुण्यातल्या एका सहल कंपनीकडून तीन रात्री, चार दिवसांचं पॅकेज आधीच घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला हॉटेलवर गाडी यायची होती. गोबुस्तानची खोदचित्रं, चिखलाचे ज्वालामुखी, आतेशगाह हे जुनं अग्निमंदिर, यानार दाग ही जळती टेकडी असं सगळं एकाच दिवसात. साडेआठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला फोन आला की वाऱ्यामुळे आजचा दौरा रद्द. उद्या नेणार का, तर नाही, उद्याच्या गाड्या भरल्यात. पैसे परत देणार का, तर नाही, कारण नैसर्गिक आहे आणि तसं अटींमध्ये लिहिलंय. त्या एका दिवसाचे तिघांचे साडेअठरा हजार रुपये पाण्यात गेले.

पैशांचा राग आलाच. पण त्याहून जास्त राग याचा आला की बाकूत मार्चमध्ये वारा सुटतो हे त्या कंपनीने आधी कुठेच सांगितलं नव्हतं. पत्रकात फ्लेम टॉवर्स या उंच इमारतींचे रात्रीचे फोटो होते, वाऱ्याबद्दल चकार शब्द नव्हता. म्हणून हा अनुभव लिहितेय. फ्लेम टॉवर्स किती उंच, व्हिसा कसा काढायचा, हे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल. मी मुख्यतः वाऱ्याबद्दल लिहिणार आहे.

बाकू हे नावच 'वाऱ्याने झोडपलेलं' अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून आलं, असं तिथे सांगतात. भाषेच्या अभ्यासकांना ते पटो न पटो, तिथे एक हिवाळा काढलेल्या माणसाला पटतं. आपशेरोन हा द्वीपकल्प कॅस्पियनमध्ये चोचीसारखा घुसलाय, जमीन सपाट आणि उघडी, आणि काकेशसच्या रांगा तिथे संपतात. अडवायला काही नाही. उत्तरेकडून येतो तो खझरी, थंड आणि बोचरा. दक्षिणेकडून येतो तो गिलावार, उबदार. वाऱ्यांना नावं आहेत एवढंच नाही, नौरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या आधीचे चार मंगळवार पाणी, अग्नी, वारा आणि माती यांचे मानतात. म्हणजे वाऱ्याचा स्वतःचा सण आहे.

खझरी सुटला की काय होतं ते सांगते. आमचं घर सातव्या मजल्यावर होतं. पहिल्या आठवड्यात मी नेहमीच्या सवयीने गॅलरीत कपडे वाळत घातले, चिमटे लावून. संध्याकाळी दोरीवर फक्त चिमटे होते. एक उशीचा अभ्रा समोरच्या इमारतीच्या डिश अँटेनावर अडकला होता, तो तिथेच नोव्हेंबरपर्यंत फडफडत होता. खिडकीच्या फटीतून रात्रभर एकसुरी शिट्टी यायची, शेवटी तिथे ओला टॉवेल कोंबायला शिकले. रस्त्यावर दातांखाली बारीक रेती येते. चौकात वळताना बायका एकमेकींचा दंड धरून चालतात. छत्र्या मी दोन आणल्या होत्या, दोन्ही डिसेंबरच्या आत मोडल्या. तेव्हा छत्री आणूच नका. त्याऐवजी टोपीला नाडी असलेलं, वारा आत न शिरणारं जाकीट आणा. अंशांचा आकडा बघून फसू नका. आठ अंश आणि खझरी हे पुण्यातल्या कुठल्याही थंडीपेक्षा जास्त लागतं, कारण ते कानात शिरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बाकूला चार दिवस जात असाल तर गोबुस्तानसाठी एक ठरावीक दिवस बांधून घेऊ नका. निघण्याच्या आदल्या रात्री वाऱ्याचा वेग बघा आणि मग ठरवा. गोबुस्तान शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे, कातळावरची हजारो खोदचित्रं आहेत, २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नाचणाऱ्या माणसांची रांग, होड्या, रानबैल, सगळं उघड्या टेकडीवर. शांत दिवशी तिथे दोन तास कसे जातात कळत नाही. वाऱ्याच्या दिवशी डोळे उघडे ठेवता येत नाहीत. चिखलाच्या ज्वालामुखींकडे जाणारा रस्ता कच्चा, तिथे जुन्या लाडा गाड्या नेतात. पाऊस पडून गेला असेल तर तिथली माती चपलेला अशी चिकटते की पाय उचलत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, तो चिखल गरम नसतो, थंडगार असतो. भाच्याने नंतर बोट घालून बघितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

आता माझी मतं कशी बदलली ते. डिसेंबरमध्ये माझा भाऊ आला तेव्हा मी त्याला ठासून सांगितलं होतं की इचेरीशेहेरमध्येच, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातच राहा. तो राहिला, आणि चाकांची बॅग दगडी गल्ल्यांतून ओढत नेताना एक चाक निखळलं. त्यानंतर मी हा सल्ला देणं बंद केलं. आता सांगते, अठ्ठावीस मे किंवा साहिल या मेट्रो स्थानकांच्या आसपास राहा. विमानतळावरून येणारी एक्सप्रेस बस थेट अठ्ठावीस मेला येते, तिथून लाल आणि हिरव्या मार्गांच्या मेट्रो मिळतात, आणि खोलीचं भाडं बरंच कमी पडतं. विमानतळाबाहेर टॅक्सीवाले घेरतात. नवऱ्याने पहिल्या दिवशी एकाला पन्नास मनात दिले. मनात हे तिथलं चलन, एक मनात म्हणजे साधारण पन्नास रुपये, म्हणजे अडीच हजार गेले. अ‍ॅपवरची टॅक्सी त्याच्या निम्म्याहून कमी घेते हे आम्हाला आठवड्याने कळलं.

खरी बचत मात्र जांभळ्या बाकीकार्डाने होते. स्थानकावरच्या यंत्रातून दोन मनातला मिळतं, त्यात पैसे भरायचे, मेट्रो आणि बस दोन्हीला चालतं. घरातल्या सगळ्यांना मिळून एक कार्ड पुरतं, माणशी एकदा टेकवायचं की झालं. विमानतळावरच घ्या, कारण एक्सप्रेस बसलाही तेच लागतं. यंत्राला मोठी नोट देऊ नका, ते सुटे परत देत नाही.

पण जुन्या शहराबद्दल पुन्हा एकदा मत बदलायला वाऱ्यानेच लावलं. राहायला नको हे खरं, पण ज्या दिवशी खझरी सुटतो त्या दिवशी जायला त्याच्यासारखी जागा नाही. गल्ल्या अरुंद आणि वाकड्यातिकड्या आहेत, बाहेर समुद्रावर माणूस ढकलला जात असताना आत दाराबाहेरची वेलसुद्धा हलत नाही. फेब्रुवारीत एकदा मी समुद्रकाठच्या बुलवारवरून पळतच आत शिरले. तटाच्या दरवाजातून दहा पावलं आले आणि आवाज एकदम बंद झाला, दार लावून घ्यावं तसा. तेव्हा समजलं की हे शहर बांधणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार आमच्या सात मजली इमारतीच्या बिल्डरपेक्षा पुष्कळ जास्त केला होता. गिझ गलासीच्या (मेडन टॉवर) बुरुजाच्या भिंती तळाशी पाच मीटर जाड आहेत. आत आठ मजले चढताना बाहेर वारा आहे याचा पत्ताही लागत नाही, गच्चीवर मात्र काचेला धरून उभं राहावं लागतं. शिरवानशाहांचा राजवाडा तिथून पाच मिनिटांवर. दोन्ही धरून अर्धा दिवस पुरतो.

गालिचा संग्रहालय आणि हैदर अलियेव केंद्र यांचाही उपयोग मी वाऱ्याचे दिवस म्हणूनच केला. संग्रहालयाची इमारत गुंडाळलेल्या गालिच्यासारखी आहे, आणि हैदर अलियेव केंद्र झाहा हदीद यांनी रचलेलं, जिथे एकही सरळ कोपरा सापडत नाही. दोन्ही सोमवारी बंद असतात. शनिवार ते मंगळवार अशी सहल आखणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

खाण्याबद्दल थोडक्यात. शाकाहारी असाल तर पालेभाज्या घातलेले गुताब, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पातळ पोळ्या मागा, भोपळ्याचेही मिळतात. मसुराचं सूप बहुतेक ठिकाणी असतं. आणि दोवगा नक्की घ्या. दही, तांदूळ आणि ढीगभर हिरवा पाला शिजवून केलेलं सूप. पहिला चमचा घेतल्यावर मला आईची ताकातली चाकवताची भाजी आठवली, फोडणीशिवायची. काही ठिकाणी त्यात खिम्याचे गोळे घालतात, तेवढं विचारून घ्या. चहा बिनदुधाचा, कंबर आत घेतलेल्या अर्मुडू पेल्यात, बरोबर मुरांबा आणि लिंबू. जुन्या शहरातल्या एका चहाघरात आम्ही फक्त "चाय" म्हटलं तर न मागता मुरांब्याच्या चार वाट्या, सुकामेवा आणि मिठाई टेबलावर आली, आणि बिल आलं अडतीस मनात. एकोणीसशे रुपयांचा चहा. नवरा म्हणाला जाऊ दे. मला तो अजून जात नाही. दरपत्रक बघितल्याशिवाय बसू नका.

ज्यांना बाकू आणि तिबिलिसी एकत्र करायचंय त्यांच्यासाठी: अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी २०२० मध्ये बंद केल्या, त्या मी परतेपर्यंत उघडल्या नव्हत्या. रात्रीच्या रेल्वेचं स्वप्न बघू नका, विमानच लागेल. आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर स्थलांतर कार्यालयात नोंदणी करावी लागते. चार दिवसांच्या सहलीला तो प्रश्न येत नाही.

आम्ही एप्रिलअखेर परतलो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली, त्यानंतर आपल्याकडच्या अनेकांनी तिथल्या सहली रद्द केल्या, माझ्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनीही केली. त्यांना मी आग्रह केला नाही आणि करणार नाही. जायचंच ठरवलेल्यांसाठी हे लिहितेय.

आता त्या रद्द झालेल्या दिवशी काय केलं ते सांगायचं राहिलं. भावोजी हॉटेलच्या खोलीत बसून कंपनीला ईमेल लिहीत होते. ताई म्हणाली, "मी दिवसभर भिंती बघायला एवढ्या लांब आले नाही." मी सगळ्यांना उठवलं, एक जांभळं कार्ड, चार माणसं. मेट्रोने कोरोघ्लू स्थानक, तिथून १८४ नंबरची बस थेट सुराखानीला, आतेशगाहपर्यंत.

आतेशगाहबद्दल माझं पहिलं मत वाईट होतं. ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा कळलं की तिथली नैसर्गिक ज्योत १९६९ मध्ये विझली आणि आता नळातून गॅस आणून पेटवतात. मला फसल्यासारखं वाटलं होतं. ताईने ते काहीच ऐकून घेतलं नाही. ती सरळ कोठड्यांच्या दारांवरच्या शिळा वाचत सुटली. एका शिळेपुढे ती थांबली, झिजलेल्या अक्षरांवरून हवेतच बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, "श्री गणेशाय नमः." आम्ही चौघं कॅस्पियनच्या काठी, आणि दगडावर आपली अक्षरं. पुढे ज्वालाजीचं नाव होतं. मुलतान आणि उत्तर हिंदुस्थानातले व्यापारी, साधू अठराव्या शतकात इथे येऊन राहत. एका शिळेवर संवत १८०२ आहे, म्हणजे १७४५-४६. गुरुमुखी शिळाही आहेत, एक फारसी आहे. मी ऑक्टोबरमध्ये त्या नुसत्या पाहिल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. नळाच्या गॅसचं माझं गाऱ्हाणं त्या दिवशी संपलं.

परत कोरोघ्लूला येऊन २१७ नंबरची बस धरली, यानार दागसाठी. ही जागा मी भावाला टाळायला सांगितली होती. भर दुपारी, शांत हवेत, ते टेकडीच्या पायथ्याशी लागलेल्या लांब शेगडीसारखं दिसतं, दहा मिनिटांत बघून होतं. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि खझरी पूर्ण जोरात होता. जमिनीतून झिरपणाऱ्या गॅसच्या ज्वाळा वाऱ्याबरोबर पूर्ण आडव्या व्हायच्या, दगडाला चिकटून सरपटायच्या, झोत ओसरला की पुन्हा उभ्या. विझतील असं दर वेळी वाटायचं आणि विझायच्या नाहीत. पाठीला गारठा आणि चेहऱ्याला भट्टीची धग. आवाज एखाद्या मोठ्या शिडाचा असावा तसा, फडफड आणि मध्येच हुंकार. भाचा तासभर हलला नाही. भावोजींनी फोन खिशात ठेवला होता.

चौघांचा दिवसभराचा मेट्रो-बसचा खर्च पंधरा मनातही झाला नाही, प्रवेशाची तिकिटं वेगळी. गोबुस्तान आम्ही तिसऱ्या दिवशी वारा पडल्यावर स्वतः टॅक्सी ठरवून केलं.

कंपनीला एकूण तीन ईमेल गेली. तिसऱ्याला उत्तर आलं की पुढच्या सहलीत दहा टक्के सूट देऊ. भावोजींनी ती नाकारली आहे आणि ग्राहक मंचाकडे तक्रार करायची तयारी चालू आहे. निकाल लागला की इथेच लिहीन.