आयओएस राउटर: सेव्ह आणि रीलोड, काही महिन्यांच्या वापरानंतर

सिस्कोच्या आयओएस प्रणालीवर चालणारा एक राउटर गेले काही महिने माझ्या देखरेखीखाली आहे. त्याचा वेग आणि पोर्ट यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त त्याची कॉन्फिगरेशन सेव्ह करण्याची आणि तो सुरक्षितपणे रीस्टार्ट करण्याची पद्धत कशी वाटली, एवढेच नोंदवतो.

या राउटरमध्ये कॉन्फिगरेशनच्या दोन प्रती असतात. चालू असलेली रनिंग-कॉन्फिग रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत राहते, तर पुढच्या वेळी सुरू होताना वाचली जाणारी स्टार्टअप-कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत. कमांड दिली की ती त्या क्षणी लागू होते. पण 'राइट मेमरी' किंवा 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' म्हणेपर्यंत ती जतन होत नाही, आणि तेवढ्यात वीज गेली तर केलेले काम पुसले जाते. एकाच बटणाने लागू आणि जतन दोन्ही होणारे साधे राउटर ज्यांच्या सवयीचे आहेत, त्यांना ही फारकत सुरुवातीला नक्कीच जाचते. माझे मत मात्र वापरानंतर असे झाले आहे की, सेव्ह न केलेला बदल हेच या यंत्राचे सर्वांत भरवशाचे संरक्षण आहे.

दूरवरून ॲक्सेस-लिस्ट (कोणाला आत सोडायचे, कोणाला अडवायचे याचे नियम) किंवा राउटिंग (डेटाचे मार्ग) बदलायचे असेल, तर आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करून 'रीलोड इन १०' द्यावे, म्हणजे दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होणार हे ठरते. मग बदल करावा, पण सेव्ह करू नये. बदलामुळे आपलाच संपर्क तुटला, तर मुदत संपताच राउटर जुनी स्टार्टअप-कॉन्फिग वाचून पूर्ववत उभा राहतो. सर्व ठीक असेल, तर 'रीलोड कॅन्सल' देऊन मगच सेव्ह करावे. हा क्रम उलटला की संरक्षण संपते. 'ठीक आहे' हे ठरवताना उघड्या असलेल्या सत्रावर विसंबू नये. व्हीटीवाय लाइनवरची, म्हणजे दूरवरून लॉगिन होते त्या वाटेवरची ॲक्सेस-लिस्ट चुकली तरी चालू एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) सत्र तसेच राहते आणि नवे लॉगिन तेवढे नाकारले जाते, म्हणून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहणे आवश्यक आहे.

या उपायाची किंमत म्हणजे पूर्ण रीस्टार्ट, आणि त्या काही मिनिटांत सगळ्यांचेच काम थांबते. आर्काइव्हचा पाथ, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या प्रती साठवण्याची जागा, आधी ठरवून ठेवला असेल, तर 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०' हा अधिक सभ्य मार्ग मिळतो: मुदतीत 'कॉन्फिगर कन्फर्म' आले नाही, तर रीस्टार्ट न करता जुनी स्थिती परत येते. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या जूनॉस प्रणालीमध्ये हीच सोय 'कमिट कन्फर्म्ड' या नावाने मुळातच आहे आणि तिथे ० ते ४९ क्रमांकांपर्यंत मागच्या आवृत्त्यांकडे परतता येते. या एका बाबतीत मी जूनॉसला झुकते माप देईन.

नियोजित रीस्टार्टपूर्वी मी 'शो व्हर्जन'ची शेवटची ओळ पाहतोच. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसे सुरू व्हायचे हे ठरवणारा आकडा, सामान्यतः ०एक्स२१०२ असते. पासवर्ड परत मिळवताना वापरलेले ०एक्स२१४२ तसेच राहिले असेल, तर राउटर स्टार्टअप-कॉन्फिगकडे दुर्लक्ष करून कोराच उठतो, मग सेव्ह कितीही नीट केलेले असो. बूट होणारी इमेज (आयओएसची फाइल) फ्लॅश मेमरीमध्ये आहे ना, हेही पाहावे. बफरमधील (तात्पुरत्या मेमरीतील) लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, रीस्टार्टसोबत जातात, त्यामुळे ते बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरकडे (नोंदी साठवणाऱ्या संगणकाकडे) पाठवलेले बरे.

बॅकअप परत घेताना खरी गफलत होते. जतन केलेली फाइल 'कॉपी'ने रनिंग-कॉन्फिगमध्ये आणली, तर ती जुन्या ओळी काढत नाही, त्यांच्यात मिसळते. पूर्ण अदलाबदलीसाठी 'कॉन्फिगर रिप्लेस' हवे. फाइल दुसऱ्या राउटरवर नेली, तर इंटरफेस बंदच राहू शकतात, कारण 'नो शटडाउन' कॉन्फिगरेशनमध्ये लिहिले जात नाही. एसएसएचची किल्लीही त्या मजकुरात नसते, ती तिथे नव्याने तयार करावी लागते. तोवर एसएसएचने आत शिरता येत नाही आणि राउटरला थेट जोडायची कन्सोल केबलच कामी येते.