800 रुपयांचं रबर आणि आमचा खाजा

तारकर्लीच्या वाटेवर आमचं राहण्या-जेवणाचं घर आहे. चार खोल्या, पुढे पडवी, पडवीच्या पायरीवर पाहुण्यांच्या चपला. या उन्हाळ्यात त्या चपलांवरून मी जेवढी बोलणी खाल्ली, तेवढी सोलकढी आंबली म्हणूनही कधी खाल्ली नव्हती. कारण एकच, आमचा खाजा. गावठी पिल्लू, शेजारणीच्या कुत्रीचं. रंग थेट जत्रेतल्या गुळाच्या खाज्यासारखा, म्हणून ते नाव. दोन महिन्यांचा होईपर्यंत तो आईकडेच ठेवला होता. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो, हे शिक्षण पिल्लाला तिथेच मिळतं. ते अर्धवट सोडवून आणलेलं पिल्लू जास्त जोरात चावतं.

तरी एप्रिल उजाडला आणि खाजाने घर कुरतडायला घेतलं. खुर्चीचे पाय, पायपुसणं, झाडूचा मुडगा, माझ्या साडीचा काठ. पिल्लाचे दुधाचे दात 28 असतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात, आधी पुढचे, मग सुळे नि दाढा, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, चावल्याशिवाय जिवाला चैन नसतं. म्हणजे चावणं बंद करायचा उपाय शोधण्यात अर्थ नाही, काय चावायचं ते आपण ठरवायचं. त्यासाठी मी जे जे घेतलं त्याचा हा हिशोब.

सगळ्यात कामाचं निघालं ते कॉंग कंपनीचं पिल्लांसाठीचं चावायचं पोकळ रबर. तीन गोळे एकावर एक बसवल्यासारखा आकार, खाली मोठं भोक, वर छोटं. याची कथा गमतीची आहे. अमेरिकेतल्या कोलोराडोत ज्यो मार्खम नावाच्या गृहस्थाचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा. 1970 च्या दशकात मार्खमने गाडी दुरुस्त करताना फोक्सवॅगनचा एक रबरी भाग त्याच्यापुढे टाकला, आणि कुत्र्याने दगड सोडून तो धरला. त्यातून हे खेळणं आलं. घेताना रंग बघा. गुलाबी किंवा निळं म्हणजे पिल्लांचं मऊ रबर. लाल मोठ्या कुत्र्यांचं, काळं त्याहून कडक. चार महिन्यांच्या पिल्लाला काळं देऊ नका, कितीही 'टिकाऊ' असलं तरी.

मालवण बाजारात मला ते मिळालं नाही, ऑनलाइन मागवलं. 800 च्या आसपास पडलं. कुरिअरवाला कुडाळात बसून "ताई, तुम्हीच येऊन घेऊन जा" म्हणत होता, ते वेगळं. किंमत कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आठशे रुपये? कुत्र्याच्या खेळण्याक? करवंटी दी गो त्येका, चावत बसतलो."

करवंटी द्यायची नाही, कारण ती कडक. साधी परीक्षा आहे: वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. नख रुतलं, निदान थोडं दबलं, तर ठीक. नाही दबलं तर दात तुटू शकतो, आणि तुटते ती बहुतेक वरची मोठी दाढ. जनावरांच्या डॉक्टरांनी हे दाखवलं तेव्हा मी घरातली एकेक वस्तू काढून बघितली. याकच्या दुधाचं कडक चीज, म्हणजे चुर्पी, हल्ली कुत्र्यांसाठी म्हणून विकतात, ती या परीक्षेत नापास झाली. शिंगाचे, खुरांचे तुकडेही नापास. शिजवलेलं हाड तर नकोच, त्याच्या चिरफळ्या होतात.

नुसतं रिकामं रबर पुढे टाकाल तर 800 रुपये पाण्यात. खाजाने हुंगून ते तसंच सोडलं आणि पुन्हा चपलेकडे वळला. ते भरावं लागतं. मी पेजेतला घट्ट भात, उकडून कुस्करलेला भोपळा आणि काटे नीट काढलेला बांगड्याचा चुरा एकत्र करते. मीठ नाही. आणि मासा नुसता उकडलेला, वाटप लागलेला नव्हे. कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही. मिश्रण चमच्याने दाबून भरायचं, मोठ्या तोंडाला केळं थापायचं, वरचं छोटं भोक मोकळं ठेवायचं. त्यातून हवा गेली नाही तर चाटताना जीभ आत ओढली जाऊन अडकू शकते. पहिले काही दिवस तसंच द्या, पिल्लाला युक्ती कळू दे. मग रात्री फ्रीझरात टाकायचं आणि दुपारी काढायचं.

गारव्याने हिरड्यांना काय आराम पडतो, ते त्याच्या तोंडावर दिसतं. पुढच्या दोन पायांत रबर घट्ट धरतो, मान तिरकी करून मागच्या दातांनी दाबतो, मग डोळे अर्धे मिटून चाटत राहतो. एकदा त्या केळ्याच्या लगद्यात गुलाबी डाग दिसला आणि डागात दात. तांदळाच्या कणीएवढा, टोकदार, मुळाच्या बाजूने पोकळ. सासूबाईंनी तो पुडीत बांधून ठेवलाय, करवंटी सुचवणाऱ्या त्याच.

त्रास दोनच. जरा वेळ पडवीत राहिलं की मुंग्या लागतात, आणि आतून धुवायला बाळाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश लागतो. यात रबराचा काही दोष नाही, आमच्या हवेचा आहे. पावसात लाईट गेली की फ्रीझरचा कार्यक्रमही रद्द होतो. त्यावर फुकटचा उपाय म्हणजे जुना पंचा: ओला करायचा, पिळायचा, गाठ मारायची, लाईट असताना गोठवून ठेवायचा. रबराच्या निम्मं काम करतो. फक्त आपण समोर बसायचं आणि धागे सुटले की काढून घ्यायचा.

धाग्यांवरून आठवलं. दुसऱ्या एका कंपनीची रंगीत दोरीची गाठ घेतली होती. तिची दोन दिवसांत झिपरी झाली आणि धागे थेट शीमधून निघाले. निघाले हे नशीब, आतड्यात लांब धागा अडकला तर पोट कापावं लागतं. सुंभाचं आणि नारळाच्या सोडणाचंही तेच, आणि आपल्याकडे सोडणं अंगणभर असतात. कडू फवाराही आणला होता, फर्निचरवर मारायचा. खाजाने खुर्चीचा पाय आधी चाटला आणि मग चावला. बाटली पडून आहे, कुणाला हवी असल्यास घेऊन जा.

पण उन्हाळ्यातलं कोकणातलं अंगणच पिल्लाला जास्त घातक आहे. वाळत घातलेल्या काजूबिया तोंडात गेल्या तर टरफलातलं तेल तोंड पोळतं. आंब्याचा बाठा गिळला तर आतडं तुंबतं. कुंपणाची कण्हेर विषारी. पाऊस पडला की अंगणात बेडकं येतात, त्यातलं चामखीळवालं तोंडात धरलं की पिल्लू फेस गाळायला लागतं.

आता माणसांना दात लावण्याबद्दल. कोणतंही खेळणं हे एकटं सोडवणार नाही. पाहुण्यांची मुलं समुद्राकडे धावत सुटली की खाजा त्यांच्या पोटऱ्यांमागे. नाकाडावर फटका मारायचा सल्ला गावात प्रत्येकजण देतो. तसं केलं की पिल्लू हाताला भितं किंवा जास्त चेकाळतं. आमच्याकडे नियम आहे, दात लागला की खेळ संपला. उठायचं, माजघरात जायचं, दार लोटायचं, थोड्या वेळाने काही झालंच नाही असं परत यायचं. मुलांना सांगते, पळू नका, झाडासारखे उभे राहा. आणि संध्याकाळी जो वेडाचार चालतो, तो बहुतेक वेळा झोपेचा असतो. एवढी पिल्लं दिवसाचे 18 ते 20 तास झोपतात. पाहुण्यांच्या गडबडीत खाजाची झोप मोडायची, मग तो सगळ्यांना चावत सुटायचा. आता चार वाजता त्याला बाकड्याखाली गोठवलेलं रबर देते. चाटता चाटता तिथेच आडवा होतो.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर टोचून घ्या. दाताने कातडी फुटली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा, पिल्लू घरचं असलं तरी. हळद भरून बसू नका.

रबराला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा किमतीसाठी कापला. घेताना आकार पिल्लाच्या आत्ताच्या वजनावर ठरवा, अख्खं तोंडात मावेल इतकं लहान नको. सुळ्यांवर नजर ठेवा: जुना न पडता शेजारी नवा आला असेल तर डॉक्टरांना दाखवा. आमचे चारही नीट आलेत, त्यामुळे आता लाल मागवलंय. या खेपेला कुडाळला मीच जाणार आहे, नाहीतरी बाजार करायचाच आहे.