फायबरखालचं लाकूड: जुन्या ट्रॉलरच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

जुन्या लाकडी ट्रॉलरला “खालून पूर्ण फायबर मारून देतो, पाच वर्षं बुडाकडे बघायला नको” असं सांगणारा कुणी तुमच्या बंदरात आला असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. फायबर म्हणजे रेझिनमध्ये भिजवून लाकडावर चिकटवलेली काचतंतूंची मॅट. आमच्या मामांच्या बोटीवर हे घडलंय. बोटीचा हिशेब मी ठेवतो, त्यामुळे बिलं, फोटो आणि नंतर कापून काढलेले तुकडे सगळं माझ्याकडे आहे. ठेकेदाराचं नाव इथे घेत नाही. प्रकरण चालू आहे, आणि नाव बदलायला त्याला वेळही लागत नाही.

बोट ४५ फुटी, १९९६ साली बांधलेली. बूड सागाचं, वांक (आतल्या वाकड्या बरगड्या) ऐनाचे, पठाण (बुडाचा मधला कणा) अजून ठणठणीत. तीस वर्षांच्या लाकडी बोटीला जे व्हायचं तेच तिला झालं होतं. मागच्या बाजूला इंजिनाखाली दोनचार फळ्या नरम झाल्या होत्या, डेकच्या कडेचं लाकूड काळं पडलं होतं आणि खिळ्यांभोवती गंजाचे डाग होते. दरवर्षी आमचे गावातले मिस्त्री येऊन फळी बदलायचे, सांध्यांत कापूस ठोकायचे, वरून राळ आणि तेल लावायचे. त्यांचे गुडघे गेले. मुलगा मुंबईला फर्निचरच्या कामात. कोकणातल्या बहुतेक बंदरांत हीच परिस्थिती आहे, आणि हे ठेकेदार नेमके याच फटीतून आत शिरतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यातच बोट शाकारायची (किनाऱ्यावर ओढून झाकायची), दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात उतरवायची. सुतार मिळत नाही, दिवस सरतात, आणि मग मे अखेरीला एक माणूस टोळी घेऊन जेटीवर हजर होतो.

त्याचं बोलणं गोड होतं. मामांना पहिल्या दिवसापासून शेठ. “शेठ, कापूस-राळ हे आता कोण करतं? सडलेल्या फळ्या सागाच्या टाकतो, वरून चार थर फायबर, बोट नवी.” ठरलं असं: लाकूड लागेल तसं घनफुटाच्या भावाने, फायबरचे वेगळे, अर्धे पैसे आगाऊ. वहीच्या पानावर लिहून दिलं. जीएसटी बिल काम संपल्यावर देतो म्हणाला. ते आजतागायत आलेलं नाही.

पुढचं समजायला लाकडाबद्दल थोडं सांगावं लागेल. खाऱ्या पाण्याने लाकूड फारसं सडत नाही. त्याला सडवतं ते पावसाचं गोडं पाणी, जे डेकच्या फटीतून आत झिरपतं आणि वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात साचून राहतं. म्हणून जुने लोक बोट शाकारताना वरून झाप घालायचे, पण आतल्या फळ्या काढून हवा खेळती ठेवायचे. फायबरचं काम नेमकं उलटं. लाकूड पूर्ण कोरडं असताना मारलं तर ठीक. ओलं असताना मारलं, तर ओल आत कोंडली जाते आणि सड बंद खोलीत वाढते. शिवाय आमच्या बोटीने इतकी वर्षं मुशीचं (शार्कचं) तेल प्यायलेलं. तेलकट लाकडाला पॉलिएस्टर रेझिन धरत नाही. ते वरचा थर खरवडून, घासून, वाळवून मगच मारायचं असतं, आणि जुन्या बुडाला नुसतं चिकटवून भागत नाही, मॅट खिळ्यांनीही धरावी लागते.

आमच्याकडे जुलैच्या मध्यात, धो धो पावसात, वर ताडपत्री बांधून फायबर मारलं. मामांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “हार्डनर जास्त टाकतो शेठ, पावसातही सुकतं.” रेझिन कडक होतं हे खरंच. पण रेझिन कडक झालं म्हणून खालची फळी वाळत नाही.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली. पहिल्याच फेरीपासून बुडात पाणी. पंप दिवसातून चार वेळा. ठेकेदाराचा फोन तेव्हा लागत होता. म्हणाला, “नवीन लाकूड आहे, फुगलं की सांधे धरतील, पाणी थांबेल.”

हे वाक्य कुणी बोललं तर तिथेच थांबवा. फळी फुगून सांधे धरतात हे शंभर टक्के खरं आहे, पण उघड्या लाकडाच्या, कापूस भरलेल्या बोटीत. किनाऱ्यावर वाळलेली बोट उतरवली की पहिले एकदोन दिवस गळते, मग बसते. हे कोळ्याच्या पोरालाही माहीत असतं. पण चार थर फायबर असेल तर समुद्राचं पाणी लाकडापर्यंत पोचायलाच नको. लाकूड फुगायची वाट बघायला सांगणं म्हणजे फायबरमधून पाणी आत येतंय हे त्याने स्वतःच कबूल करणं. एक तर फायबर खोटं, नाहीतर ते वाक्य खोटं.

सप्टेंबरच्या उधाणाला बोट खाडीत आत नेऊन, ओहोटीला चिखलावर टेकवली. गुडघे दुखत असूनही मिस्त्री आले. हातात फक्त छोटी हातोडी आणि टोच्या (लाकूड टोचून बघायचं टोकदार हत्यार). नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागे ठोकत निघाले. पुढे टण टण, मागे गेल्यावर भद् भद्. मग मामांकडे वळून म्हणाले, “नाखवा, ही बोट नाय, ही गोधडी हाय. फाडा आता.”

फाडली. सुकाणूजवळचं फायबर पापुद्र्यासारखं अख्खं निघालं, आतल्या बाजूला लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नव्हता. आतून काय काय निघालं ते सांगतो, कारण प्रत्येक गोष्टीचं बिल वेगळं लावलेलं होतं.

सडलेली फळी बदलायची तर ती वांकापासून वांकापर्यंत काढावी लागते, आणि शेजारशेजारच्या फळ्यांचे जोड एकाच वांकावर येऊ द्यायचे नसतात. इथे हात-दीड हात लांबीचे ठिगळ मारले होते. त्यांची टोकं वांकावर नव्हतीच, दोन वांकांच्या मध्ये, आतून प्लायवूडचा तुकडा लावून. काही ठिकाणी तेवढंही नाही. सड कोरून खड्ड्यात मोटारीला भरतात ती लांबी (पुट्टी) भरलेली. वरून फायबर, त्यावर लाल रंग. बाहेरून बोट आरशासारखी गुळगुळीत. जुनं लाकडी बूड इतकं गुळगुळीत दिसलं की खूश होऊ नका. फळ्यांच्या रेषा थोड्या तरी दिसायलाच हव्यात.

लाकूड ठरलं होतं तसं नव्हतं. एका बाजूचे तुकडे मलेशियन साल असावेत असं मिस्त्रींचं म्हणणं, दुसऱ्या बाजूचे सागाचेच, पण गाभ्याचे नव्हेत, कडेच्या पांढऱ्या लाकडाचे, वरून तपकिरी पॉलिश फासलेले. सागाची सगळी किंमत गाभ्यात असते. कडेचं पांढरं लाकूड समुद्रात कुठल्याही स्वस्त लाकडाइतकंच टिकतं. रंधा मारून बघितला असता तर लगेच कळलं असतं: ताज्या सागाला चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतो. शिवाय जंगलातून आलेल्या सागाला वनखात्याचा वाहतूक परवाना असतो, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो. वखारीचं बिल आणि परवान्याची प्रत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आमच्या माणसाने “माल माझ्या घरचा आहे” असं सांगितलं होतं.

आता घनफूट. बिलात ६० घनफूट लावले होते, साडेचार हजारांच्या भावाने, म्हणजे २ लाख ७० हजार नुसतं लाकूड. हिशेब सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. २० फूट लांब, ८ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे १.६७ घनफूट. ६० घनफूट म्हणजे अशा ३६ फळ्या. एवढ्या लागल्या असत्या तर अर्ध्याच्या वर बूड नवं झालं असतं. ठिगळं मोजली तर १५ घनफूटही भरली नाहीत. तोड-छाट धरली तरी हा फरक भुशात जात नाही.

फायबरचीही तीच गत. ४५० ग्रॅमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचा हाताने मारलेला एक थर साधारण एक मिलिमीटर बसतो. चार थर म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. आमचा कापलेला तुकडा कुठेही दोनच्या वर गेला नाही. हे आधीही पकडता येतं. आमच्या बुडाचं क्षेत्रफळ ६० चौरस मीटर धरलं तर चार थरांना १०८ किलो मॅट लागते, आणि रेझिन त्याच्या दुपटीहून जास्त. किनाऱ्यावर पडलेले रिकामे डबे शंभर किलोच्याही आतले होते. डबे मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

खिळ्यांबद्दल फार लिहीत नाही. जस्त चढवलेले सांगून साधे लोखंडी मारले, पुढे गंजाने लाकूड चिरलं असतं.

पंख्याची गोष्ट मात्र चीड आणणारी आहे. आमचा जुना पंखा (बोट पुढे ढकलणारा प्रोपेलर) ब्राँझचा होता. “बॅलन्सिंगला नेतो” म्हणून नेला आणि आठ दिवसांनी रंग मारून परत बसवला. इंजिन गरम व्हायला लागलं, वेग मिळेना, तेव्हा रंग खरवडला. पंख्याच्या मधल्या गोळ्यावर व्यास आणि पिचचे (एका फेऱ्यात किती पुढे जातो त्याचे) आकडे ठोकलेले असतात. आमच्या जुन्या फोटोतले आकडे वेगळे, याचे वेगळे. भंगारात ब्राँझला किती भाव आहे ते कुठल्याही भंगारवाल्याला विचारा. जुन्या बोटीतून निघणारी तांब्याची, पितळेची मोड ही मालकाची असते, ठेकेदाराची नव्हे; पण ती “साफसफाई”त निघून जाते.

टेरेडोचंही सांगितलं पाहिजे, कारण भीती दाखवायला त्याचा उपयोग केला गेला. लाकूड पोखरणारा हा किडा खरं तर शिंपल्याच्या जातीचा. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आत बोटाएवढा बोगदा, बोगद्याला पांढरं चुनखडीसारखं अस्तर. ठेकेदाराने आमच्या एका फळीची भोकं दाखवून “अख्खं बूड गेलंय” असं मामींना रडकुंडीला आणलं होतं. ती भोकं नंतर पाहिली: ड्रिलची होती, सरळ, आत अस्तर नाही, कडेला भुसा. खरी लागण झाली असती तर बोट काही आठवडे खाडीत वर, गोड्या पाण्यात नेऊन ठेवली तरी किडा मरतो. जुन्या लोकांनी हे फुकटात केलंय.

आम्ही पुढे काय केलं: फाडताना प्रत्येक टप्प्याचा व्हिडिओ, सोबत मच्छीमार सोसायटीचे दोन सदस्य, पंचांच्या सह्या. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार. ग्राहक आयोगात जाता येणार नाही, धंद्याची बोट आहे, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. ते अर्धवट आहे. २०१९च्या कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे, पण केवळ पोट भरण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी धरली जात नाही. मामा स्वतः तांडेल (बोटीचा मुख्य खलाशी) म्हणून बोटीवर जातात, त्यामुळे अर्ज दाखल झाला. मुदत दोन वर्षांची असते. जे पैसे बँकेतून गेले त्यांचा पुरावा आहे, जे रोख गेले त्यांच्यासाठी फक्त ते वहीचं पान.

यंदा मिस्त्रींचा मुलगा रजा काढून आला. बाप खुर्चीवर बसून सांगत होता, मुलगा हातोडी चालवत होता. अट एकच: जुनी फळी निघाली की मामांनी बघायची, नवी बसली की मामांनी बघायची, सांधे भरून झाले की पुन्हा बघायचं, आणि प्रत्येक वेळी बघितल्यावरच पैसे. कुठलाही थर मालकाने बघितल्याशिवाय दुसऱ्या थराखाली जायचा नाही, मग तो रंगाचा का असेना. फायबर मारलंच नाही. पंपाचा आवाज आता क्वचित येतो.

तो ठेकेदार या मेमध्ये दक्षिणेकडच्या एका बंदरात दिसल्याचं कळलं. आता म्हणे लाकडाची ओल मोजायचं यंत्र घेऊन फिरतो, काटा वर गेला की मालकाचा चेहरा पडतो. मिठाने मुरलेल्या लाकडावर ते यंत्र मुळातच आकडा जास्त दाखवतं. चांगली फळीसुद्धा त्यात सडकी दिसू शकते. तेव्हा त्याने यंत्र लावलं, तर त्याच जागी टोच्याही घालून बघा. घट्ट लाकडात तो शिरत नाही.