गुई झी तांग आधी की सी जुन त्झी तांग?

चायनीज मेडिसिन शिकणारे बरेच जण इथेच अडकतात, की पहिला कुठला फॉर्म्युला (वनस्पतींचा काढा) पक्का करायचा.

गुई झी तांग म्हणजे प्राचीन चिनी वैद्य झांग झोंगजिंगच्या शांग हान लुन या ग्रंथातला, साधारण 1800 वर्षं जुना. दालचिनीच्या काड्या, पिओनीचं मूळ, आलं, चिनी बोरं, ज्येष्ठमध, बस. सगळं स्वस्त. पण वापरायला डोकं लागतं, कारण घाम येतोय, वारा सहन होत नाही, नाडी वरवर आणि सैल, असं दिसलं तरच द्यायचा, आणि वरून गरम पातळ पेज पाजून पांघरूण घालायचं, घाम हलकासाच यायला हवा, निथळता नको. (पेज विसरलात तर अर्धा फॉर्म्युला गेला.) पिओनी दुप्पट केली की तोच पोटदुखीकडे वळतो, त्यात माल्टचा पाक घातला की शिआओ जिआन झोंग तांग.

सी जुन त्झी तांग चीनच्या सोंग राजवटीच्या काळातला: जिनसेंग, बाय झू (एक औषधी मूळ), फु लिंग (एक औषधी बुरशी), ज्येष्ठमध. जिनसेंग महाग, म्हणून बरेच जण त्याऐवजी दांग शेन हे स्वस्त मूळ घालतात. ओळखायला सोपा: थकवा, भूक नाही, शौच पातळ. संत्र्याची साल आणि बान शिया (एक औषधी कंद) वाढवलं की लिउ जुन त्झी तांग. फक्त परिणाम हळू दिसतो.

ज्येष्ठमध दोन्हीत आहे, बीपीवाल्यांना जपूनच.

रोज पचनाच्या, अशक्तपणाच्या तक्रारी बघणार असाल तर सी जुन त्झी. क्लासिकल पद्धतीने लक्षणं जुळवायला शिकायचंय, तर मला विचाराल तर डोळे झाकून गुई झी.