खासबागेतील कुस्त्यांच्या जुन्या टेप आणि फील्डचा क्रम : एफएफएमपेगच्या वापराचा अनुभव

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्त्या आणि जोतिबाची चैत्र यात्रा यांचे मिनी डीव्ही टेपवरील जुने चित्रीकरण आजच्या पडद्यांवर नीट पाहता यावे, म्हणून गेले अनेक महिने मी एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर वापरत आहे. त्यातून निघणारे चित्र उत्तम असते. मात्र त्यासाठी फील्डचा क्रम, म्हणजे फ्रेमच्या दोन अर्ध्या भागांपैकी आधी कोणता टिपला गेला, हे समजून घ्यावेच लागते.

पॅल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीमध्ये, म्हणजे मिनी डीव्ही टेपवरील डिजिटल चित्रीकरणात, सेकंदाला 25 फ्रेम आणि प्रत्येक फ्रेममध्ये 576 ओळी असतात, पण त्या सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपलेल्या नसतात. एकाआड एक ओळींची दोन फील्ड असतात (यालाच इंटरलेस म्हणतात) आणि त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधीचे असते, तर एचडीव्ही या टेपवरील हाय डेफिनिशन प्रकारात वरचे. क्रम उलटा धरला, की हालचाल एक पाऊल मागे आणि तीन पावले पुढे अशी सरकू लागते. पट काढायला झेपावणारा मल्ल जागच्या जागी थरथरताना दिसतो. स्थिर दृश्यात यातले काहीच कळत नाही, म्हणून तपासणीसाठी मी नेहमी झटापटीचाच तुकडा घेतो.

क्रम ओळखण्यासाठी एफएफएमपेगमध्ये आयडेट हे फिल्टर, म्हणजे चित्र तपासणारे किंवा बदलणारे साधन, आहे. ते वरचे आधी, खालचे आधी, इंटरलेस नसलेली आणि अनिर्णित अशा फ्रेमची मोजणी देते. पंच आणि मल्ल नुसते उभे असतील, तर बहुतेक फ्रेम अनिर्णितात जातात. माझा भरवसा मात्र डोळ्यांवर अधिक आहे : बीडब्ल्यूडीआयएफ या फील्ड वेगळी करणाऱ्या फिल्टरने प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करून सेकंदाला 50 फ्रेमची फाइल काढावी आणि ती एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावी. पाय मागे जाऊन पुन्हा पुढे येत असेल, तर क्रम चुकलेला आहे. सेकंदाला 25 च फ्रेम ठेवल्यास हा धक्का झाकला जातो आणि दोष लक्षात येत नाही.

दुरुस्तीच्या दोन फिल्टरांमध्ये गल्लत होऊ देऊ नये. सेटफील्ड फक्त फाइलवरची नोंद बदलते, चित्राला हात लावत नाही. फील्डऑर्डर प्रत्यक्ष चित्र एक ओळ वर किंवा खाली सरकवते. दुसरीकडून रूपांतरित होऊन आलेल्या फायलींत बहुधा नोंदच चुकीची असते, तिथे सेटफील्ड पुरते. फाइलमध्ये नोंदच नसेल, तर बीडब्ल्यूडीआयएफ वरचे फील्ड आधीचे आहे असे गृहीत धरते, जे डीव्हीसाठी नेमके उलटे आहे; म्हणून मी क्रम दर वेळी स्वतः लिहून देतो. वरून विषम संख्येने ओळी कापल्या तरी क्रम उलटतो, आणि फील्ड वेगळी करण्याआधी आकार बदलला तर दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. ते चित्र पुढे सुधारता येत नाही.

मूळ डीव्ही फायली तासाला सुमारे 13 जीबी जागा घेतात, तरीही त्या मी जपून ठेवल्या आहेत, कारण दाबून लहान केलेल्या फाइलमधून मूळ फील्ड जशीच्या तशी परत मिळत नाहीत.